मांडीवर आणि बांधावर

लहान मुलाचे वागणे उपजत असते की शिकवलेले, हा वाद बालमानसशास्त्रात आता जवळजवळ मागे पडला आहे. कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांतील निरीक्षणांवरून असे दिसून आले आहे की मूल जन्मतःच काही तयारी घेऊन येते, परंतु त्या तयारीला आकार येण्यासाठी भोवतालच्या माणसांनी त्याला वेळोवेळी प्रतिसाद द्यावा लागतो, आणि तो कोण देते, किती तत्परतेने देते व कोणत्या रीतीने देते यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. 'वर्तन' या शब्दाने येथे केवळ शहाणपणा किंवा खोडकरपणा अभिप्रेत नाही. रडणे, टक लावून पाहणे, हसणे, परक्याला पाहून आईच्या खांद्यात तोंड लपवणे, बोटाने दाखवणे, हट्ट करणे, मातीच्या बैलाला चारा घालणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो, आणि यांपैकी प्रत्येक गोष्टीला तिचे वय व तिची कारणे असतात.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या विषयाच्या अभ्यासाला विशेष योग्य आहेत. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळी डोंगरांपासून माण, खटाव, आटपाडी आणि जतच्या कोरड्या माळापर्यंत, आणि या दोहोंच्या मधोमध असलेल्या कराड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, एकाच वयाची मुले एकाच दिवशी फार वेगवेगळ्या परिस्थितीत वाढत असतात. कोणी जुन्या घराच्या सोप्यात आजीच्या मांडीवर असते, कोणी तासगावच्या द्राक्षबागेशेजारी झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, कोणी दिवाळीनंतर मेंढरांबरोबर निघालेल्या धनगरांच्या बिऱ्हाडात घोड्याच्या पाठीवर, तर कोणी साखर कारखान्याच्या तळावर पाचटाने शाकारलेल्या कोपीत. वाढीचा क्रम या सर्व मुलांमध्ये बहुतांशी सारखा असतो. परंतु त्या क्रमातील प्रत्येक पायरीवर मुलाला मिळणारा प्रतिसाद सारखा नसतो.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि त्यासाठी पाटा-वरवंट्याची पूजाही मांडली जाते. त्या पाचव्या दिवशीच्या मुलाकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ते कोऱ्या पाटीसारखे मुळीच नसते. त्याला साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरचे, म्हणजे छातीशी धरलेल्या बाळाला आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर दिसतो तेवढ्याच अंतरावरचे, बऱ्यापैकी दिसते. तळहातात बोट दिले तर ते मूठ घट्ट करते, गालाला स्पर्श झाला तर त्या बाजूला तोंड वळवून स्तन शोधते. अशा आपोआप घडणाऱ्या क्रियांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात आणि त्यांतील बऱ्याचशा पुढील काही महिन्यांत मावळून त्यांची जागा हेतुपूर्वक हालचाली घेतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फिफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये दाखवून दिले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. याचा अर्थ असा की गर्भात असतानाच आवाजाची ओळख सुरू झालेली असते, आणि बाळंतिणीच्या खोलीत आई जे बोलते ते वाया जात नाही.

पहिल्या महिन्यांतील सर्वांत ठळक वर्तन म्हणजे रडणे. ते दुसऱ्या महिन्यात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप कमी होत जाते. म्हणून या काळात बाळाला दृष्ट लागली, आईचे दूध बाधले किंवा बाळगुटी कमी पडली असे निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. 'सारखं उचलू नका, सवय लागेल' हा सल्ला घरोघरी दिला जातो. परंतु या वयाच्या मुलाला मोठ्यांना वेठीस धरण्याचा हेतू बाळगता येईल इतकी त्याच्या बुद्धीची वाढच झालेली नसते. त्याला एवढेच कळू लागलेले असते की आपण आवाज केला की कोणीतरी येते. आपल्या कृतीने जगात काही घडते, ही जाणीव या अनुभवातूनच रुजते आणि पुढच्या सर्व शिकण्याचा पाया तिच्यातच असतो. त्या दृष्टीने पाहता सव्वा महिन्याच्या बाळंतपणाची आपली जुनी रीत, आईला कामातून सोडवून माहेरी नेणे, रोज तेल लावून न्हाऊ-माखू घालणे, बाळाला पायांवर पालथे घेऊन बोलत बोलत चोळणे, ही वर्तनविकासाला फार अनुकूल आहे. त्याच रीतीतील धुरी, डोळ्यांत काजळ घालणे आणि नाकात तेल सोडणे यांनी मात्र बाळाला अपाय होऊ शकतो, आणि बालरोगतज्ज्ञ त्यांना विरोध करतात तो योग्यच आहे.

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मूल समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. झोपेत ओठांवर उमटणाऱ्या हसूपेक्षा हे हसू वेगळे असते, म्हणून त्याला सामाजिक हास्य म्हणतात. यानंतर आई आणि मूल यांच्यात एक प्रकारचे संभाषण सुरू होते: आई बोलते, मूल थांबून पाहते, मग ते 'आऽऽ' करते आणि आई थांबते. एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आईला काही मिनिटे बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितले होते. बाळ प्रथम हसून, आवाज काढून तिला पुन्हा खेळात ओढू पाहते, ते जमले नाही की अस्वस्थ होते आणि शेवटी मान फिरवून स्वतःतच मिटून जाते. निर्विकार चेहरा नेहमी प्रयोगशाळेतच असतो असे नाही. पहाटेपासून राबून आलेल्या, रक्तपांढरी असलेल्या किंवा बाळंतपणानंतरच्या खिन्नतेने ग्रासलेल्या आईचा चेहराही तसा होऊ शकतो आणि आजकाल मोबाईलच्या पडद्यावर नजर खिळलेल्या सुस्थितीतील आईबापांचाही. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात उपाय स्वतःच्या हाती असतो.

शरीराच्या हालचालींबाबत आपल्याकडे क्रमाची जाणीव पूर्वापार पक्की आहे: पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, पांगुळगाडा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणावरून २००६ मध्ये जी वयोमर्यादा दिली, तिच्यानुसार आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते आणि सुमारे चार टक्के निरोगी मुले हातापायांवर रांगतच नाहीत. त्यापूर्वी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या शारीरिक व मानसिक वाढीची मोजमापे तयार केली होती, आणि अमेरिकी मुलांवरून बनवलेले कोष्टक इथल्या मुलांना जसेच्या तसे लावण्याची पद्धत त्यामुळे मोडली. हालचालींचा वेग केवळ आतूनच ठरतो असेही नाही. चार्ल्स सूपर यांना १९७०च्या दशकात केनियातील किप्सिगिस शेतकरी कुटुंबांत असे आढळले की तेथील मुले अमेरिकी मुलांपेक्षा लवकर बसतात व चालतात, कारण त्यांच्या आया त्यांना मुद्दाम बसवण्याचा व चालवण्याचा सराव देतात. जे शिकवले जात नव्हते, त्यात ती पुढे नव्हती. आणि चालायला शिकण्यासाठी सरावही अफाट लागतो. करेन ॲडॉल्फ यांच्या २०१२ मधील अभ्यासात एक ते दीड वर्षाची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि तासाला १७ वेळा पडत होती. त्यासाठी सपाट, सुरक्षित जमीन लागते. शेणाने सारवलेले अंगण ही त्या दृष्टीने उत्तम जागा होती. तोडलेल्या उसाचे धारदार बुडखे उभे असलेले रान तशी जागा नाही, आणि म्हणून तेथे मूल झोळीत किंवा बहिणीच्या कडेवर अडकून राहते.

सातव्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान एक बदल घडतो आणि तो बहुतेक घरांत गैरसमजाला कारण होतो. कालपर्यंत कोणाकडेही जाणारे मूल एकाएकी पाहुण्यांना पाहून रडू लागते, आई स्वयंपाकघरात गेली तरी आकांत करते. हे बिघडणे नव्हे, बुद्धीची प्रगती आहे. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोठेतरी असतेच, हे मुलाला या सुमारास कळू लागते, असे जाँ पियाजे यांनी आपल्याच मुलांच्या निरीक्षणावरून मांडले होते. त्यामुळे समोर नसलेली आई आता मुलाला आठवते आणि ती हवीशी वाटते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या विशिष्ट माणसांशी जडणाऱ्या नात्याला आसक्तीबंध मानून त्याचा सिद्धान्त मांडला आणि मेरी एन्सवर्थ यांनी त्याला निरीक्षणाचा आधार दिला. एन्सवर्थ यांचे पहिले निरीक्षण प्रयोगशाळेतले नव्हते. १९५४-५५ मध्ये युगांडातील गांडा लोकांच्या खेड्यांत, शेतमळ्यात राबणाऱ्या आयांच्या घरी जाऊन त्यांनी ते केले होते. तेथे त्यांना दिसले की आई दिवसातला काही काळ कामावर जाते म्हणून नाते कच्चे राहत नाही. आई जवळ असताना मुलाच्या खुणा किती ओळखते, यावर त्याचा पक्केपणा अवलंबून असतो. शेतात जाणाऱ्या बायकांवर मुलाकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय मूल एकाच माणसाशी बांधले जाते असेही नाही. आजी, आत्या, चुलती अशा दोन-तीन ठरावीक माणसांशी ते घट्ट नाते जोडू शकते, आणि खटाव-माणसारख्या भागातून वडील मुंबईला नोकरीला असलेल्या असंख्य घरांत मुले पिढ्यानपिढ्या अशीच वाढली आहेत. अट एवढीच की ही माणसे ठरावीक असावीत आणि रोज बदलू नयेत.

याच सुमारास, नऊ ते बारा महिन्यांत, मूल बोटाने दाखवू लागते. कावळ्याकडे बोट करून ते आजीकडे पाहते आणि आजी 'काऊ' म्हणते. या एका देवघेवीत शब्द, वस्तू आणि माणूस ही तिन्ही एकत्र येतात. याला सामाईक अवधान म्हणतात, आणि भाषा शिकण्याची खरी सुरुवात इथून होते. मंमं, भूभू, हम्मा, माऊ, जोजो, भूर, बाऊ असे जे शब्द मोठी माणसे मुलांशी बोलताना वापरतात, त्यांचा पद्धतशीर अभ्यास भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, अमेरिकी इंग्रजी आणि स्पॅनिश या सहा भाषांतील अशा बोलीची तुलना केली, तेव्हा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या असलेल्या या भाषांत त्याच खुणा आढळल्या: ओठांनी उच्चारता येणारे सोपे व्यंजन, अक्षराची पुनरावृत्ती, चढा सूर. मुलांशी बोबडे बोलल्याने मुले बोबडी राहतात ही भीती त्यामुळे निराधार ठरते. अशा बोलण्याकडे बाळ अधिक लक्ष देते, आणि मोठ्यांनी पुढे नीट वाक्यांत बोलायला सुरुवात केली की तेही पुढे सरकते.

ऐकण्याचे काम मात्र बोलण्याच्या कितीतरी आधी झालेले असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडात केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतला फरक ऐकू येत होता, आणि दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत तो ऐकू येईनासा झाला होता, कारण त्यांच्या घरात त्या फरकाचा उपयोग नव्हता. मराठी घरातल्या बाळाला तो रोज लागतो, म्हणून टिकतो. कान असा वर्षाच्या आतच घरच्या भाषेला लागतो. 'र'च्या जागी 'ल' म्हणणारे तीन वर्षांचे मूल स्वतः 'लोटी' म्हणते, पण दुसऱ्याने मुद्दाम 'लोटी' म्हटले तर त्याला ते खटकते; म्हणजे कानाने शिकलेले जिभेला जमायचे बाकी असते.

या दोन जिल्ह्यांत घरची भाषा एकच नाही, हे बालवाडी चालवणाऱ्यांनी विसरू नये. कोल्हापूरला लागून असलेल्या भागात बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात आणि तेथील मुलगी तेच उचलते. जत तालुक्यात कित्येक घरांत कानडी बोलतात. विटा-खानापूर भागातील सोने-चांदी गाळणारी गलाई कुटुंबे देशभर विखुरलेली असल्याने त्यांची मुले घरात मराठी आणि गल्लीत तमिळ, बंगाली किंवा आणखी कोणती भाषा ऐकत वाढतात. दोन भाषा एकदम ऐकल्याने मूल गोंधळत नाही. कोणाशी कोणती बोलायची हे ते लवकरच ओळखते. फलटणच्या बोलीतील भेदांवर मॅक्सीन बर्नसन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी १९७३ मध्ये प्रबंध लिहिला आणि पुढे फलटणलाच राहून, भारतीय नागरिकत्व घेऊन, प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात मुलांच्या घरच्या बोलीला मान देणारे शिक्षण उभे केले. जे मूल घरी भरभरून बोलते ते बालवाडीत येऊन मुके होते, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीत शोधण्याची सवय किती खोलवर गेली आहे हे पाहिले, म्हणजे या कामाचे मोल लक्षात येते.

दीड वर्षानंतर 'मी' उगवतो. मुलाच्या नकळत त्याच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर उभे केले, तर दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानची पुष्कळ मुले आरशाला हात न लावता स्वतःच्या नाकाला लावतात, ही कसोटी ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये वापरली. 'माझं', 'नको', 'मीच' हे शब्द याच काळात येतात आणि त्यांच्याबरोबर जमिनीवर लोळण घेणारा हट्टही येतो. इच्छा प्रबळ झालेली असते, ती सांगण्यापुरती भाषा आलेली नसते, आणि आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर तरुणपणापर्यंत पक्का होत नाही. म्हणून दोन वर्षांच्या मुलाचा हट्ट हा संस्कारांचा अभाव नसतो. हायडी केलर यांनी २००४ मध्ये सहकाऱ्यांसह कॅमेरूनमधील न्सो शेतकरी, कोस्टारिकातील आणि ग्रीसमधील शहरी कुटुंबे यांची तुलना केली. अंगाशी धरून, हालचालींना उत्तेजन देऊन वाढवलेली न्सो मुले सांगितलेले ऐकण्यात पुढे होती, तर समोरासमोर बोलून, खेळणी दाखवून वाढवलेली ग्रीक मुले आरशात स्वतःला ओळखण्यात पुढे होती. आपल्याकडच्या खेड्यात लहानग्याला 'आजोबांना तांब्या दे', 'चपला नीट ठेव' अशी कामे फार लवकर सांगतात आणि ते ती अभिमानाने करते. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याच वयाच्या मुलाला 'तुला कोणता शर्ट हवा' असे विचारतात. दोन्ही घरे मुलाला तितक्याच जाणीवपूर्वक घडवत असतात, आणि एकाला मागास व दुसऱ्याला प्रगत ठरवण्यास आधार नाही.

ज्या एका रीतीचे मात्र समर्थन करता येत नाही, ती म्हणजे भीती घालणे. बागुलबुवा, पोलीस, डॉक्टरांची सुई, 'तुला टाकून जाते', यांनी रडणे थांबते हे खरे. पण मूल आवर घालायला शिकत नाही, ते केवळ गोठते, आणि ज्या माणसाकडे धीरासाठी धाव घ्यायची त्याच माणसाची धास्ती घेऊ लागते. हट्टाच्या वेळी जवळ बसून, 'तुला अजून खेळायचं होतं, म्हणून राग आलाय' असे शब्द देणारे मोठे माणूस त्याला जे देते ते पुढे त्याचे स्वतःचे होते: चार-पाच वर्षांचे मूल एकटे खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते आणि स्वतःलाच सूचना देते. हे बोलणेच पुढे आत वळून विचार बनते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी म्हटले होते.

खेळाचे महत्त्व येथेच आहे. बेंदराला घरोघरी मातीचे बैल पुजले जातात आणि सण झाला की ते मुलांच्या हाती येतात. मग काडीचे जू होते, खापराची गाडी होते, एक मुलगा मालक होतो, दुसरा हाळी देतो, आणि 'ए, बैल आत्ता दमलाय' म्हणून खेळ थांबवलाही जातो. बैल दमलेला नाही हे सर्वांना माहीत असते. तरीही दमल्याचे मानून त्याप्रमाणे वागायचे असे ठरते. समोर असलेल्या वस्तूपेक्षा मनातल्या अर्थाप्रमाणे वागण्याची ही शक्ती तीन ते सहा या वर्षांत वाढते, आणि तिच्याबरोबरच दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याचीही. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांच्या १९८३ मधील प्रसिद्ध कसोटीत एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आणि मग विचारायचे की परत आल्यावर तो कोठे शोधेल. तीन वर्षांची मुले बहुधा खरी जागा सांगतात. चार-पाच वर्षांच्या मुलांना कळते की त्याला ठाऊक नाही, म्हणून तो जुन्याच जागी शोधेल. भांडणात 'तिला माहीत नव्हतं ना' अशी बाजू घेणारे मूल या टप्प्यावर पोचलेले असते. त्याच्या हातात तासन्‌तास मोबाईल देऊन हे शिकवता येत नाही, कारण पडद्यावरचे पात्र त्याच्याशी भांडत नाही आणि समजूतही घालत नाही.

एवढे सर्व पाहिल्यावर ऊसतोडणीच्या तळाकडे वळले पाहिजे, कारण या दोन जिल्ह्यांची समृद्धी ज्या उसावर उभी आहे त्या उसाच्या फडात शेकडो तान्ही मुले दर हंगामात असतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि इतर अवर्षणग्रस्त भागांतून, तसेच जत-माणसारख्या जवळच्या तालुक्यांतूनही टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने बाळंतीणही फार दिवस घरी थांबू शकत नाही. पहाटे अंधारात जोडी फडात जाते, बाळ बांधावर झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या थोरलीच्या कडेवर असते, आणि गाडी भरण्याची वेळ रात्री आली तर रात्रीही तेच. थोरली मायाळू असते, पण ती स्वतःच मूल असते. तिला भूक लागते, झोप येते, तिची शाळा बुडते, आणि बाळाच्या बोलण्याला दिवसभर बोलणे लावणे हे तिच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

हंगामाचे महिने आणि बाळाचे महिने एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. कार्तिकात तीन महिन्यांचे असताना तळावर आलेले बाळ चैत्रात परत जाते तेव्हा नऊ महिन्यांचे असते. बाळाने आवाज काढावा आणि कोणी उत्तर द्यावे हे महिने, पालथे पडण्याचे आणि बसण्याचे महिने, वरचे अन्न सुरू होण्याचे महिने, घरच्या भाषेला कान लागण्याचे महिने आणि माणूस ओळखून त्याला बिलगण्याचे महिने, हे सर्व फडात आणि कोपीत जातात. दोन वर्षांच्या आत असे दोन हंगाम येऊ शकतात.

महाराष्ट्राला या प्रश्नाची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली होती. अंगणवाडीची कल्पना तेथून रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने ती देशभर पोचवली. रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग तर सांगली जिल्ह्यातच, तासगाव तालुक्यातील विसापूरला वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये झाला. आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद आली की कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एका बाईला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला तीच मजुरी द्यावी. ऊसतोडणी मात्र उचलीवर, मुकादमाच्या करारावर चालते, त्यामुळे फडावरच्या बाईला असा हक्क सांगता येत नाही. साखरशाळा निघाल्या त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. आणि अंगणवाडीतही तीन वर्षांवरचे मूल ताईंसमोर येऊन बसते, गाणी म्हणते, खेळते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला मुख्यतः वजन, लस आणि घरी न्यायचा शिधा येतो. ज्या वयात प्रतिसादाची गरज सर्वांत जास्त, त्याच वयासाठी सेवेत सर्वांत कमी वेळ राखलेला आहे, ही या रचनेची मोठी उणीव आहे.

ती भरून काढता येते याचा भक्कम पुरावा जमैकातून मिळाला आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या १२९ मुलांवर दोन वर्षे काम केले. काही मुलांना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला मुलाशी कसे खेळावे, काय बोलावे हे दाखवीत असे, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना काहीच नाही. आहारानेही सुधारणा झाली आणि खेळानेही, परंतु दीर्घकाळ टिकली ती खेळाची. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या गटातील तरुणांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. सेविका उच्चशिक्षित नव्हत्या आणि खेळणी टाकाऊ वस्तूंची, घरी बनवलेली होती. कृष्णाकाठच्या तळांवर तशी खेळणी करायला पाचट, वाढे, बाटल्यांची झाकणे आणि चिंध्या मुबलक असतात, आणि तळ ज्या गावाच्या शिवारात पडतो त्या गावात अंगणवाडी आणि सेविका बहुधा असतेच. तिच्या कामाच्या वेळापत्रकात तळावरच्या प्रत्येक तान्ह्यासाठी आठवड्याला एक तास आणि त्या तासाचे मानधन एवढे धरण्याचा निर्णय व्हायचा बाकी आहे, आणि तो साखर कारखाने, जिल्हा परिषद व महिला आणि बालविकास विभाग यांनी गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून घ्यावयाचा आहे.